काळ्या कोंबड्यांना पांढऱ्या पायांची पिल्ले! (सेमानी / कडकनाथवाल्यांनी मदत करा)

कुळागरवाली

नमस्कार मंडळी. बरीच वर्षे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चूकभूल पदरात घ्या.

आम्ही गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात राहतो, वाळपईपासून थोडे आत. कुळागर (माडा-पोफळींची बाग) आहे, गावठी कोंबड्या सासूबाईंच्या काळापासून आहेत. मागच्या वर्षी मला वेड लागले ते पूर्ण काळ्या कोंबड्यांचे. पीस काळे, तुरा काळा, पाय काळे, तोंड उघडले तर आतही काळे. परराज्यातल्या एकाकडून "अस्सल सेमानी" (जावा बेटावरची काळी जात) म्हणून एक नर आणि तीन माद्या मागवल्या. किती पैसे घातले ते इथे लिहीत नाही, नवराही हे संकेतस्थळ वाचतो.

नर देखणा होता. उन्हात उभा राहिला की पाठीवर हिरवी-जांभळी झाक मारायची, शेणकिड्याच्या पाठीसारखी. जानेवारीत तो गेला. चूक माझीच. तिन्हीसांजेला गुडात (खुराड्यात) कोंबड्या मोजताना काळ्या पक्ष्यांचे काही कळतच नाही हो. कोपऱ्यात नुसता काळोख दिसतो, त्यात डोळे लुकलुकतात ते मोजायचे. चार आहेत असे समजून दार लावले. सकाळी पोफळीखाली पिसे आणि एक तंगडी सापडली. कांडेचोराचे (उदमांजराचे) काम. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्याचे हाड पाहिले. खरेच काळे होते, बिब्ब्याने माखल्यासारखे.

माद्या अंडी देत राहिल्या. मार्चमध्ये त्यांच्यात आमचा गावठी कोंबडा सोडला. तांबडा आहे, पिवळ्या पायांचा. एप्रिलमध्ये गावठी खुडूक कोंबडीखाली १८ अंडी ठेवली, १४ पिल्ले निघाली. सगळी अंगाने काळपट, पण चौदाच्या चौदा पिल्लांचे पाय उजळ! पिवळट पांढरे. निम्मी तरी काळी होतील असे धरून चालले होते. एक पिल्लू मेले, त्याचे पोट फाडून पाहिले तर आतले पडदे मात्र राखाडी.

प्रश्न दोन. एक, मला फसवले का? दोन, आता पुढे काय करू?

तांबडी_माती

वाचतोय. आमच्या पेडण्यातही एका व्हिलावाल्याने शोभेला आणल्यात असल्या कोंबड्या. पर्यटक फोटो काढतात.

निळू_कावळा

पहिल्या प्रश्नाचे उत्तर: फसवले. भारतात "सेमानी" म्हणून जे विकतात त्यातले बहुतेक कडकनाथ किंवा कडकनाथचा संकर असतो. बाहेरून जिवंत पक्षी किंवा उबवणीची अंडी आणायची तर सरकारी परवाना, तपासणी, विलगीकरण असा सगळा सोपस्कार आहे. तुमच्या विक्रेत्याने तो केला होता का? कागद मागा.

कुळागरवाली

कागद मागितला होता. "व्हॉट्सअपवर पाठवतो" म्हणाला. त्यानंतर त्याचा डीपीच दिसेनासा झाला.

अंड्याची_पोळी

=)) =))

गुरांचा_डॉक्टर

ताई, आधी पायांचे घेतो. पिल्लांचे पाय पांढरे आले याचा अर्थ माद्या नकली आहेत असा होत नाही. अस्सल जावातल्या माद्या असत्या तरी तुमच्या तांबड्या कोंबड्याने हेच केले असते. हे नीट लिहितो, कारण याच जागी बरेच लोक हाय खाऊन पक्षी मटणवाल्याला देऊन टाकतात.

कातडी, हाडे, पडदे काळे करणारा गुण म्हणजे फायब्रोमेलॅनोसिस. हा प्रभावी गुण आहे, आईबापांपैकी एकाकडून आला तरी दिसतो. गर्भात मेलॅनिन बनवणाऱ्या पेशी जिथे जाऊ नयेत तिथे जातात आणि तिथेच भरमसाट वाढतात. २०११ साली याचे मूळ सापडले. कोंबडीच्या २०व्या गुणसूत्राचा एक तुकडा दुपटीने लिहिला गेलाय, त्यात ईडीएन३ नावाचे जनुक येते. चिनी सिल्की, जावाची सेमानी, व्हिएतनामची हमाँग, स्वीडनची काळी कोंबडी, सगळ्यांत हीच एक गडबड. नंतर आपल्या कडकनाथमध्येही तीच दिसली. म्हणजे काळेपणा जगात एकदाच झाला आणि माणसांबरोबर गावोगाव फिरला.

पण याला लगाम घालणारा दुसरा एक गुण आहे. तो कातडीत काळे रंगद्रव्य साठू देत नाही. पिवळ्या-पांढऱ्या पायांच्या कोंबड्यांत तो असतो, आणि तो बसलाय लिंगगुणसूत्रावर. इथे पक्ष्यांचे गणित आपल्या उलट चालते. नराकडे दोन झेड, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. म्हणजे मुलीला तो गुण फक्त बापाकडून मिळतो.

तुमचा तांबडा बाप. त्याच्या दोन्ही झेडवर लगाम. म्हणून मुलगा असो की मुलगी, प्रत्येकाच्या वाट्याला लगाम आलाच. चौदाच्या चौदा उजळ. पोटातले पडदे राखाडी होते म्हणालात ना? काळेपणा आत आहे, बाहेर येऊ दिला गेला नाही एवढेच.

उलट केले असते, म्हणजे काळा बाप आणि पिवळ्या पायांची गावठी आई, तर मुली काळ्या आणि मुलगे उजळ निघाले असते. पायांवरूनच नर-मादी ओळखता आली असती. हे काही मी शोधलेले नाही. बेटसन आणि पनेट या दोघांनी सिल्की कोंबड्यांवर प्रयोग करून १९११ सालीच छापलेय.

मांडवीकाठ

डॉक्टर, _/\_. आमच्या बारावीच्या सरांनी असे शिकवले असते तर मी बँकेत नसतो.

निळू_कावळा

डॉक, एक शंका. नर मेल्यावरही मादीच्या पोटात वीर्य काही दिवस टिकते. मग १८ पैकी दोन-चार अंडी तरी जुन्या नराची नसतील का?

गुरांचा_डॉक्टर

टिकते, दोन-तीन आठवडे. म्हणूनच नर बदलला की निदान तीन आठवड्यांची अंडी उबवायला ठेवायची नाहीत, खायची. पण इथे नर जानेवारीत गेला आणि अंडी एप्रिलमधली. जुन्याचा संबंध नाही.

शागोती_प्रेमी

एवढा शास्त्रार्थ चालू आहे, पण मूळ मुद्दा राहिला. शागोती (आपला गोव्याचा मसालेदार रस्सा) कशी होते? आमच्याकडे म्हणतात काळ्या कोंबडीत लोह भरपूर, मधुमेहावर औषध, रक्त काळे असते वगैरे.

गुरांचा_डॉक्टर

रक्त लालच असते, थोडे गडद दिसते इतकेच. अंडीही काळी नसतात. कडकनाथची फिकट तपकिरी, सेमानीची मलईच्या रंगाची. नेटवर काळ्याकुट्ट अंड्यांचे फोटो फिरतात ते रंगवलेले. मांसाचा काळा रंग मेलॅनिनचा, लोहाचा नव्हे. कडकनाथमध्ये चरबी ब्रॉयलरपेक्षा कमी, हे खरे. पण ब्रॉयलर सहा आठवड्यांत कापतात आणि हा पाच-सहा महिने हिंडलेला असतो, फरक पडणारच. मधुमेहाची गोळी बंद करून कोंबडी खाऊ नका.

तांबडी_माती

शागोती चांगली होते, चिवट असते. रंगाने तसाही मसाला काळपट, पाहुण्यांना कळतही नाही. पैसे मात्र कळतात.

जावाहून_परत

निळू_कावळा यांना थोडा विरोध. मी कामानिमित्त दोन वर्षे जावात होतो. आधी उच्चार: तिकडे "चेमानी" म्हणतात. "आयाम" म्हणजे कोंबडी, "चेमानी" म्हणजे आरपार काळी. युरोपात ती १९९८ साली गेली, यान स्टेवेरिंक नावाच्या डच माणसाने नेली. पुढे अमेरिकेत सुरुवातीला एकेक पक्षी अडीच हजार डॉलरला विकला गेला आणि तिथून हे सगळे खूळ सुरू झाले.

पण कडकनाथला "नकली सेमानी" म्हणणे मला पटत नाही. झाबुआ-अलिराजपूरच्या भिल्ल-भिलालांनी सांभाळलेली ती आपली स्वतःची जात आहे. तिकडे तिला कालीमासी म्हणतात. २०१८ मध्ये झाबुआच्या कडकनाथला जीआय मानांकनही मिळाले. तिला दुसऱ्याचे नाव लावून विकावे लागते, हाच तिचा अपमान.

निळू_कावळा

अनुमोदन. अपमान कोंबडीचा नाही, फसवणूक गिऱ्हाइकाची, एवढेच म्हणणे होते. २०१९ मध्ये सांगली भागात कडकनाथच्या नावावर "आम्ही पिल्ले देतो, अंडी परत घेतो" म्हणून शेतकऱ्यांना कसे बुडवले ते विसरलात? त्यात कोंबडीचा काय दोष होता.

कुळागरवाली

डॉक्टर, देव बरे करूं. तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "म्हणजे बापाच्या पायावर गेली, एवढेच ना? हे सांगायला गुणसूत्र कशाला?"

तोंडे पण तपासली. अंगठ्याने चोच उघडून टॉर्च मारला. एकीची जीभ आणि टाळा जांभूळ खाल्ल्यासारखा गडद. दुसरीची जीभ राखाडी, टोकाला गुलाबी. तिसरीची घशाकडे गुलाबी आहे. तुरे तिघींचे जांभळट. फोटो टाकायचा प्रयत्न केला, पण काळ्यावर काळे, काहीच दिसत नाही.

गुरांचा_डॉक्टर

माझा अंदाज कडकनाथ-सेमानी सरमिसळ किंवा चांगला जेट ब्लॅक कडकनाथ. नुसत्या डोळ्यांनी छातीवर हात ठेवून कोणी सांगू शकणार नाही, आणि सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

पुढचे असे करा. उजळ पायांच्या पिल्लांतले दोन-तीन दणकट नर ठेवा, विकू नका. प्रत्येकाकडे एका झेडवर लगाम, दुसऱ्यावर नाही. आईकडून आलेला काळेपणाही अंगात आहे. सहा महिन्यांचे झाले की त्याच काळ्या माद्यांवर सोडा. निम्मी पिल्ले लगामाविना निघतील. माद्या शुद्ध काळ्या असतील तर काळेपणा सगळ्यांत असेल, काहींत दुप्पट. त्यातली आतून-बाहेरून काळी तेवढी वंशाला ठेवा. आई-मुलाचा जोड एका पिढीपुरता चालतो, पुढच्या पिढीला मात्र बाहेरचा काळा नर आणा. नाहीतर अंडी भरणार नाहीत, पिल्ले कवचातच मरतील.

तांबडी_माती

पण बाहेरचा काळा नर आत्ताच आणला तर? सहा महिने कशाला थांबायचे?

गुरांचा_डॉक्टर

तेही बरोबर, सोपा रस्ता तोच. पण तो आणायचा कुठून, हाच तर धाग्याचा विषय आहे.

पोफळीच्या_सावलीत

ताई, आम्ही केप्याला कडकनाथ पाळतो, ६० आहेत. जनुकांचे मला कळत नाही, पावसाचे सांगते. तुमची पिल्ले मृगात मोठी होणार, म्हणून सांभाळा.

तूस ओले झाले की संपले. रक्ती हगवण लागते, पिल्लू पंख पाडून एका जागी उभे राहते आणि दोन दिवसांत जाते. भाताचे तूस चार बोटे जाड घाला, रोज हलवा, पाण्याच्या भांड्याखाली वीट ठेवा म्हणजे सांडलेले तुसात जाणार नाही. ओला भाग त्या त्या दिवशी काढून टाका, "उद्या बघू" करू नका. हगवण दिसली की डॉक्टरकडून अँप्रोलियम घ्या.

लसींचे: मानमोडीची (राणीखेत रोगाची) लासोटा पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात एक थेंब, गंबोरो दोन आठवड्यांनी, देवीची सहाव्या आठवड्यानंतर पंखाच्या पडद्यात. आपल्याकडे पावसात डास, आणि देवी डासांवरूनही येते. बिनपिसांच्या जागी फोड येतात. लस थंडच राहिली पाहिजे, मी दवाखान्यातून थर्मासमध्ये बर्फ घालून आणते. आमच्याकडे वीज गेली की फ्रीजवर भरवसा नाही.

आणि या कोंबड्या स्वतः नीट खुडूक बसत नाहीत. चार दिवस बसतात, पाचव्या दिवशी उठून चालू पडतात. गावठीखाली ठेवलीत ते उत्तम केलेत.

मांडवीकाठ

मशीनने उबवायचे झाल्यास? मी ताळगावात फ्लॅटमध्ये राहतो, खुडूक कोंबडी ठेवली तर सोसायटी मलाच डालग्याखाली घालील.

पोफळीच्या_सावलीत

तापमान ३७.५, पंखा असलेले मशीन घ्या. १८ दिवस अंडी फिरवायची, मग हात लावायचा नाही. पुस्तकात पहिले १८ दिवस ५०-५५ टक्के ओलावा सांगतात, शेवटी ६५-७०. जुलैत गोव्यात नुसती खिडकी उघडी ठेवली तरी मशीनमध्ये जवळपास तेवढा येतोच. मी पहिल्या वर्षी पुस्तकाप्रमाणे पाणी घातले, पिल्ले पूर्ण वाढून कवचात बुडून मेली. १७ होती. आता पावसात १८ दिवस पाणी घालतच नाही, शेवटचे तीन दिवस तेवढे घालते. सातव्या दिवशी टॉर्चवर बघायचे, हवेची पोकळी लहान वाटली तर खोलीचीच हवा कोरडी करायची.

पण फ्लॅटमध्ये पुढे नर आरवणार त्याचे काय करणार?

मांडवीकाठ

माघार.

कुळागरवाली

वेगळीच गोष्ट सांगते. काल एक गृहस्थ गाडी घेऊन आले. म्हापशाहून, म्हणाले. "तुमच्याकडे पूर्ण काळी कोंबडी आहे असे कळले. एकही पांढरे पीस नको. परवा अमावास्या." दर विचारला नाही. शोभेला घेणारा माणूस आधी दर विचारतो, मग दोनदा घासाघीस करतो. याने सरळ पाकीट काढले.

मी नाही म्हटले. तर म्हणतात, "तुम्ही कोंबडी विकता की नाही?" यावर काय बोलणार? मी गावठी कोंबडे विकतेच, आणि ते काही पाळायला नेत नाहीत.

तांबडी_माती

राखणदाराला (गाव राखणाऱ्या देवाला) कोंबा आमच्याकडेही देतात. उतारा-करणीवाले वेगळे. दोन्ही एका पारड्यात घालू नका म्हणजे झाले.

कुळागरवाली

घालत नाही. राखणदाराला आमच्या घरचाही जातो. सासूबाईंचेच वाक्य: "त्याने कधी रंग विचारला नाही."

जावाहून_परत

जावातही हाच त्रास आहे. तिथेही काळ्या कोंबडीला विधीसाठी मागणी. रंग दुर्मीळ झाला की माणूस त्याला काहीतरी अर्थ चिकटवतोच. आम्हाला मार्को पोलोने वर्णिलेल्या, मांजरासारखे केस असलेल्या काळ्या चिनी कोंबड्यांचे कौतुक, त्यांना अमावास्येचे.

निळू_कावळा

अवांतर: अमावास्येला दर चौपट लावा आणि विका. हलके घ्या.

पोफळीच्या_सावलीत

ताई, दाराला कुलूप लावा आणि पायांत रंगीत रिंगा घाला. सगळ्या सारख्याच काळ्या, एक गेली तर कुठली गेली ते कळणार नाही. तिन्हीसांजेला मोजायलाही रिंगाच उपयोगी, टॉर्चमध्ये पिवळी-तांबडी चमकते. डोळे मोजू नका.

कुळागरवाली

धागा वर काढतेय. नऊ महिने झाले.

पावसात दोन पिल्ले गेली, एक रक्ती हगवणीने, एक घोरपडीने. रिंगा घातल्या, त्यानंतर एकही पक्षी बाहेर राहिलेला नाही. चांगले दोन नर ठेवले, बाकीचे चतुर्थीच्या आधी गेले. डिसेंबरात त्यांतला एक तिन्ही काळ्या माद्यांत सोडला. मध्ये तीन आठवड्यांची अंडी खाऊन टाकली, निळू_कावळा यांचे आभार, घरात आम्लेटचा कंटाळा आला. मग १६ अंडी खुडूक गावठीखाली ठेवली.

एकविसाव्या दिवशी पहाटे आवाज आला. अकरा निघाली. पाच काळ्या पायांची, सहा उजळ! डॉक्टरांनी "निम्मी" लिहिले होते, अकराचे निम्मे आणखी कसे होणार. सासूबाईंना दाखवले. त्यांनी एकेकाला उलटे करून पाय पाहिले, सहा एकीकडे, पाच एकीकडे डालग्यात टाकली, आणि चहा ठेवायला गेल्या.

आता पिल्ले महिन्याची आहेत. पाचांची तोंडे तपासली. दोघांच्या जिभेला गुलाबी कड आहे. तिघांचे टाळा, जीभ, घसा, जिथवर टॉर्च पोचला तिथवर काळे. त्यातला एक नर वाटतोय, तुरा आत्ताच जरा उंच आहे. एक मात्र दिसते, दुपारच्या कडक उन्हात जास्त हिंडतात त्यांच्या पिसांना तांबूस, गंजासारखा रंग चढतो. हे दुखणे आहे का?

गुरांचा_डॉक्टर

अभिनंदन! दुखणे नाही, काळी पिसे उन्हाने विटतात. पोफळीची सावली आहेच, दुपारी तिथेच ठेवा. पिसे झडून नवी आली की पुन्हा काळी. तो नर त्याच्या आयांवर मुळीच सोडू नका.

पोफळीच्या_सावलीत

माझ्याकडचा एक जेट ब्लॅक नर तुम्हाला देते, बदल्यात तुमचा तो लहानगा मोठा झाला की मला द्या. दोन्हीकडे रक्त बदलेल. वाळपई काही लांब नाही.

कुळागरवाली

पक्के! व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

तांबडी_माती

त्या व्हिलावाल्याला विचारले, त्याला एक जोडी हवी आहे. सेमानीच ना? दर काय?

कुळागरवाली

सेमानी लिहून देणार नाही. "काळी, सत्तरीची, आजोबा गावठी" असे चालत असेल तर दर ठरवू. पावसाच्या आधी घरी येऊन न्या, बाजारात आणणार नाही. आणि येताना पंचांग बघून या म्हणावे, अमावास्येला मी दार उघडत नाही.